वाचकांचे प्रश्न : दरजेतली सळई आणि केसाएवढी नलिका

विटांच्या बांधकामाच्या चाचण्या आणि सूक्ष्मनलिकांमधलं रासायनिक विलगीकरण या दोन विषयांवर नागपूर आणि परिसरातल्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही निवडले आहेत. दोन्हीकडची अडचण बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते : दोन पदार्थ एकमेकांना भेटतात तिथे. एकीकडे वीट आणि मसाला, दुसरीकडे तेल आणि पाणी. म्हणून हे प्रश्न शेजारी शेजारी घेतले आहेत.

प्रश्न : भट्टीच्या विटांची पाच विटा उंचीची प्रिझम (विटा एकावर एक रचून दाबून तोडायचे नमुने) केली. मसाला १:५ (सिमेंट : रेती), वय २८ दिवस. सहा नमुन्यांच्या ताकदीत इतका फरक आला की सरासरी मांडावीशी वाटत नाही. मार्गदर्शक म्हणतात, उंचीही चुकली आहे. ती कशी?
(स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी, बजाजनगर)

आधी उंची. आपल्याकडच्या जुन्या मापाच्या विटेची उंची ७० मिमी धरली आणि दरज, म्हणजे दोन विटांमधला मसाल्याचा सांधा, १० मिमी, तर पाच विटा आणि चार दरजा मिळून ३९० मिमी होतात. आयएस १९०५ या विटकामाच्या भारतीय मानकात प्रिझमची उंची किमान ४०० मिमी हवी आणि उंची-जाडीचं गुणोत्तर २ ते ५ च्या दरम्यान हवं. तुम्ही १० मिमीने कमी पडलात. सहा विटा घ्या, म्हणजे उंची ४७० मिमी होईल. जाडी ११० मिमी असल्याने गुणोत्तर ४.२७ येतं. त्याच तक्त्यात गुणोत्तर ४ ला ०.९५ आणि ५ ला १.०० असा दुरुस्ती-गुणक आहे. मधला काढला तर ०.९६.

समजा नमुना ७५ किलोन्यूटनला तुटला. २३० × ११० म्हणजे २५,३०० चौ. मिमी क्षेत्र, म्हणून ताण २.९६ मेगापास्कल, आणि गुणक लावून २.८५. मूळ अनुज्ञेय ताण याच्या चौथा हिस्सा धरतात, म्हणजे ०.७१ मेगापास्कल. गुणक न लावता आकडा छापला, तर दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी त्याची तुलनाच करता येत नाही.

आता फरकाबद्दल. नमुना तुटतो कसा हे पाहिल्याशिवाय सरासरीकडे जाऊ नका. उभ्या चिरा मधल्या विटांतून गेल्या असतील तर नमुना नीट तुटला. फक्त वरची वीट एका कोपऱ्यावर चुरली असेल, तर तुम्ही वीट मोजली नाही, मशीनची प्लेट आणि विटेची वाकडी पाठ यांच्यातली फट मोजली. भट्टीची वीट वरून कधीच सपाट नसते. दोन्ही टोकांना जिप्सम प्लास्टरचा पातळ थर द्या, काचेच्या तुकड्यावर दाबून सपाट करा, मगच प्लायवूड ठेवा. वरच्या प्लेटचा गोल बैठकीचा सांधा मोकळा फिरतो का, तेही बघा. बऱ्याच मशीनमध्ये तो धुळीने आणि वाळलेल्या ग्रीसने जाम झालेला असतो.

भार वाढवण्याचा वेग मिनिटाला ३५० ते ७०० किलोन्यूटन प्रति चौ. मीटर असावा. तुमच्या क्षेत्रफळाला हे मिनिटाला साधारण ९ ते १८ किलोन्यूटन होतं, म्हणजे ७५ ला पोचायला चार ते आठ मिनिटं लागली पाहिजेत. दीड मिनिटात नमुना तुटत असेल तर व्हॉल्व्ह फार उघडला आहे.

उरलेला फरक खरोखर विटांमधला असतो. भट्टीत आगीजवळची आणि कडेची वीट एकसारखी भाजत नाही. गाडीतून वरच्या वर उचललेल्या विटा सगळ्या एकाच थरातल्या निघतात, म्हणून ढिगाच्या वेगवेगळ्या जागांतून घ्या. प्रत्येक घाण्यातून ५० मिमीचे तीन मसाला-घनही भरा. वीट आणि मसाला या दोघांची ताकद स्वतंत्र माहीत नसेल, तर प्रिझमचा आकडा कशामुळे बदलला ते कळणार नाही.

हेमंत कौशिक, दुर्गेश राय आणि सुधीर जैन यांनी आयआयटी कानपूरहून २००७ मध्ये भारतीय विटांच्या बांधकामाची ताकद काढायला एक सूत्र दिलं. विटेच्या ताकदीचा घातांक ०.४९, मसाल्याच्या ताकदीचा ०.३२ आणि बाहेर ०.६३ हा गुणक. त्याचा सरळ अर्थ असा की वीट दुप्पट सशक्त घेतली तर भिंत सुमारे ४० टक्क्यांनी सुधारते, आणि मसाला दुप्पट सशक्त केला तर फक्त २५ टक्क्यांनी. आपल्याकडे मात्र मसाल्यात सिमेंट वाढवण्यावरच भर असतो. त्याच अभ्यासात भिंतीचा प्रत्यास्थता-गुणांक (ती दाबाखाली किती ताठ राहते याचं माप) प्रिझमच्या ताकदीच्या सरासरी ५५० पट आला, पण विस्तार २५० ते ११०० पट होता. म्हणून तुमच्या विटांसाठी तो स्वतः मोजा, पुस्तकातून उचलू नका.

प्रश्न : ९ इंची भिंतीत दर चार थरांनंतर दरजेत ६ मिमीच्या दोन सळया टाकतो. काही इंजिनीअर म्हणतात चांगलं, काही म्हणतात गंजून भिंत फोडेल. आणि नागपूर भूकंपाच्या झोन २ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे, मग एवढं लोखंड कशाला?
(बांधकाम ठेकेदार, कामठी)

दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. फरक दरजेच्या जाडीत आहे. १० मिमी दरजेत ६ मिमी सळई ठेवली तर वर-खाली दोन-दोन मिमीच जागा राहते. मिस्त्रीने थापी कितीही दाबली तरी सळईखाली मसाला शिरत नाही. सळई थेट विटेवर टेकते. वीट सच्छिद्र असल्याने पावसाचं पाणी आणि हवा तिच्यामार्फत थेट लोखंडाला भिडतात. सिमेंटच्या मसाल्यात लोखंड टिकतं ते अल्कधर्मी वातावरणामुळे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हा अल्कधर्म उतरला की संरक्षक पापुद्रा जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि दरज आडवी फाटते. गॅलरी किंवा न्हाणीघराच्या वरच्या जुन्या विटांच्या लोखंडी स्लॅबमध्ये हेच झालेलं दिसतं.

सळई घालायचीच असेल तर ती दरज १५ मिमी ठेवा, मसाला १:३ आणि बारीक चाळलेली रेती वापरा. आधी ७ मिमी मसाला पसरा, त्यावर सळई हलकेच दाबून बसवा, वर उरलेला मसाला घाला. सळई बाहेरच्या कडेपासून निदान २५ मिमी आत असावी. प्रत्येक दरज १५ मिमी करू नका, कारण जाड दरजेमुळे भिंतीची दाब सहन करण्याची ताकद घटते. बाहेरच्या, सतत ओल्या भिंतीत सळई दरजेत घालण्याऐवजी ७५ मिमीचा काँक्रीटचा पट्टा द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. आयएस ४३२६ मध्ये लिंटेल पातळीच्या पट्ट्याची हीच किमान जाडी आहे, आणि आडव्या रिंगा ६ मिमीच्या दर १५० मिमीवर.

झोनबद्दल. २०१६ च्या आयएस १८९३ च्या नकाशात नागपूर झोन २ मध्ये आहे हे बरोबर. पण २२ मे १९९७ ला जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि ते आपल्यापासून फार दूर नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंपही अशाच शांत समजल्या गेलेल्या भागात झाला. शिवाय नागपुरात भिंतीला तडे जाण्याचं नेहमीचं कारण भूकंप नसून काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया एका बाजूने उचलला जातो. त्यासाठी जोत्याच्या पातळीचा पट्टा आणि कोपऱ्यांतली उभी सळई दरजेतल्या सळईपेक्षा जास्त कामाची.

उभ्या सळईसाठी कोपऱ्यात विटेएवढी पोकळी सोडतात. १९३५ च्या क्वेट्टा भूकंपानंतर प्रसिद्ध झालेल्या क्वेट्टा बांधणीत दीड विटेच्या भिंतीत अशाच पोकळ्या सोडून उभ्या सळया टाकतात. पोकळी पूर्ण भिंत चढल्यावर वरून भरू नका. दर ६०० मिमीला भरा, १० मिमी गिट्टीचं चांगलं पातळ काँक्रीट घाला, घसरण (स्लंप, म्हणजे साचा काढल्यावर काँक्रीट जेवढं खाली बसतं ते) २०० मिमीच्या वर ठेवा. मिश्रण पातळ असणं इथे दोष नाही, कारण आजूबाजूच्या विटा त्यातलं पाणी ओढून घेणार आहेत. पण पाणी ओढलं गेलं की काँक्रीट आकसतं आणि मध्ये पोकळी राहते. म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी सळईने पुन्हा कोचा. ही दुसरी कोच बहुतेक ठिकाणी राहून जाते.

लोखंडी विटकाम हे काही नवं तंत्र नाही. अभियंते मार्क ब्रुनेल यांनी १८२५ मध्ये लंडनच्या थेम्स बोगद्याच्या विहिरीच्या विटकामात लोखंड वापरलं. पण या पद्धतीचा मोठ्या प्रमाणावर पद्धतशीर अभ्यास ब्रेबनर यांनी भारतातल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात केला आणि १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात विटांचे स्लॅब, तुळया, खांब आणि कमानी यांच्या चाचण्या आहेत.

प्रश्न : कर्ण-दाब चाचणीसाठी (भिंत कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे दाबण्यासाठी) १.२ × १.२ मीटरची भिंत बांधली. ४५ अंशांत फिरवताना पहिल्या दोन भिंती आपोआप तडकल्या. काय करावं?
(प्रयोगशाळा सहाय्यक, अंबाझरी)

९ इंची भिंत असेल तर तिचं वजन सहाशे किलोच्या वर जातं. साखळी-कप्पीने एका कोपऱ्याला धरून उचललं, तर स्वतःच्या वजनानेच दरजा उघडतात. भिंत सुरुवातीपासून लाकडी चौकटीत बांधा. फिरवण्याआधी दोन्ही दिशांनी पट्टे आवळा. पट्टे भार लावण्याच्या क्षणापर्यंत सोडू नका. जमत असेल तर भिंत फिरवूच नका. सरळ उभी ठेवून दोन विरुद्ध कोपऱ्यांत पोलादी बूट बसवा आणि तिरका जॅक लावा. अर्ध्या विटेची, ११० मिमीची भिंत चालत असेल तर वजन निम्म्यावर येतं.

कर्तनताण (थर एकमेकांवरून सरकवणारा ताण) = ०.७०७ × भार ÷ निव्वळ क्षेत्र. १५० किलोन्यूटनला २३० मिमी जाड भिंतीत तो ०.३८ मेगापास्कल येतो. दोन्ही कर्णांवर मापकं लावा. एकच लावलं तर कर्तनविकृती, म्हणजे भिंत किती तिरकी झाली ते, काढता येत नाही.

भिंत न बांधता फक्त दरज तपासायची असेल तर तीन विटा जोडून मधली सरकवण्याची चाचणी घ्या. दहा मेगापास्कलपेक्षा कमी ताकदीच्या विटांना युरोपीय मानकात आडवा दाब ०.१, ०.३ आणि ०.५ मेगापास्कल देतात. तुमच्या विटेला तो अनुक्रमे २.५, ७.६ आणि १२.७ किलोन्यूटन होतो. प्रत्येक पातळीला निदान तीन नमुने. आडवा दाब आणि दरज सरकवणारा ताण यांच्या आलेखाची सरळ रेषा ताणाच्या अक्षाला जिथे छेदते ती चिकटण्याची ताकद, आणि रेषेचा उतार म्हणजे घर्षण.

प्रश्न : मे महिन्यात बांधकाम सुरू आहे. विटा किती भिजवायच्या? मिस्त्री म्हणतो रात्रभर, ठेकेदार म्हणतो वरून पाणी मारलं की झालं.
(घरमालक, मानेवाडा)

विटेलाच विचारा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दोन दिवस वाळलेली वीट घ्या आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ग्रॅमपर्यंत वजन करा. परातीत दोन बारीक सळया ठेवा. पाणी सळयांच्या वर ३ मिमी येईल एवढंच घाला. विटेची खाच नसलेली सपाट बाजू खाली करून बरोबर एक मिनिट ठेवा. काढा, ओल्या फडक्याने थेंब टिपा, पुन्हा वजन करा.

२३० × ११० मिमीच्या विटेने मिनिटात ३९ ग्रॅमपेक्षा जास्त पाणी ओढलं, तर ती कोरडी लावू नये, कारण ती मसाल्यातलं पाणी खेचून घेते, सिमेंटला मुरायला पाणी उरत नाही आणि दरज खडूसारखी होते. ६ ग्रॅमच्या खाली असेल तर ती भिजवूच नये. तशी वीट मसाल्यावर तरंगते आणि ओळंब्यातून सरकते. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेपासून केलेल्या विटा आणि मातीच्या भाजलेल्या विटा सारखं पाणी ओढतात असं गृहीत धरू नका. प्रत्येक गाडीतल्या पाच विटा अशाच तपासा.

जास्त ओढणारी वीट हौदात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, काढा, आणि पाण्याची चमक जाईपर्यंत सावलीत उभी करा. मे महिन्यात हे अर्ध्या तासाच्या आत होतं. म्हणून सकाळी भिजवलेल्या विटा दुपारी वापरू नका. थोड्या थोड्या भिजवा.

प्रश्न : विटेने पाणी ओढणं आणि कागदी चाचणी-पट्टीत द्रव चढणं हे एकच आहे का?
(शाळेतील विज्ञान शिक्षक, वाडी)

मूळ कारण एकच : केशाकर्षण, म्हणजे बारीक छिद्रांत द्रव आपोआप ओढला जाणं. दोन्हीकडे ओढलेलं पाणी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये हा नियम मांडला. वर्गात करून दाखवा. वीट १, ४, ९, १६ मिनिटांनी तोला. पहिल्या मिनिटाला ४० ग्रॅम असेल तर चौथ्याला ८० आणि नवव्याला १२० च्या आसपास येईल, वीट भरत येईपर्यंत. हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २००७ मध्ये कागदावर आडोसे घालून रासायनिक चाचणीच्या पट्ट्या केल्या, त्या याच नियमावर चालतात.

प्रश्न : पीडीएमएसची (पारदर्शक सिलिकॉन रबराची) चिप केली आहे. नलिका २०० मायक्रोमीटर रुंद, १०० खोल, ४० मिमी लांब. एका तोंडातून रंग आणि कण मिसळलेलं पाणी, दुसऱ्यातून शुद्ध पाणी, प्रत्येकी मिनिटाला १० मायक्रोलिटर. रंग पलीकडे जायला हवा, पण निम्माही जात नाही. चिप फसली का?
(रासायनिक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, अमरावती रोड)

चिप बरोबर आहे, वेग जास्त आहे. एकूण प्रवाह २० मायक्रोलिटर, छेद ०.०२ चौ. मिमी, म्हणून वेग सेकंदाला १६.७ मिमी. ४० मिमी पार करायला २.४ सेकंद लागतात. प्रवाह किती घुसळतो हे सांगणारा रेनॉल्ड्स अंक दोनच्या आसपास, म्हणजे घुसळण होतच नाही, रंगाला फक्त विसरणाने, म्हणजे कणाकणाने आपोआप पसरत, पलीकडे जायचं आहे. साध्या रंगाचा विसरण गुणांक सेकंदाला ५ × १०⁻¹⁰ चौ. मीटर धरा. २.४ सेकंदांत तो साधारण ४९ मायक्रोमीटर सरकतो. तुम्हाला १०० हवेत. एकूण प्रवाह ५ मायक्रोलिटर करा. वेळ ९.६ सेकंद होईल आणि अंतर ९८ मायक्रोमीटर. तेवढ्याच वेळात एक मायक्रोमीटरचा कण तीनेक मायक्रोमीटर सरकेल, म्हणून कणांपासून रंग छान सुटेल. पण अल्ब्युमिनसारखं प्रथिन ३४ मायक्रोमीटर सरकतं. त्याच्यापासून रंग पूर्ण सुटणार नाही.

एक मर्यादा आधीच लक्षात घ्या. दोन्ही प्रवाह सारखे असतील तर कितीही वेळ दिला तरी अर्ध्यापेक्षा जास्त रंग मिळणार नाही, कारण दोन्ही बाजूंची तीव्रता सारखी झाली की विसरण थांबतं. शुद्ध पाणी तिप्पट ठेवलं तर कमाल ७५ टक्के. पण रंग तेवढा पातळही होतो.

मग बाहेरच्या तोंडांकडे बघा, कारण खरा घोळ तिथे असतो. ५ मायक्रोलिटरला पूर्ण नलिकेतला दाबउतार सुमारे २९० पास्कल आहे. एक नळी दुसरीपेक्षा एक सेंटिमीटर खाली लटकली तर ९८ पास्कलचा फरक पडतो. टोकाला १ मिमी त्रिज्येचा थेंब लटकला तर त्यातच १४४ पास्कल, आणि थेंब वाढत जातो तसा तो बदलतो. दोन प्रवाहांची सीमा दर काही सेकंदांनी डावी-उजवी हलताना दिसते ती यामुळे. दोन्ही नळ्यांची टोकं सारख्याच पातळीच्या द्रवात बुडवून ठेवा.

पंपात १० मिलिची सिरिंज असेल तर काढा. इतक्या कमी वेगाला तिचा दट्ट्या अडखळत सरकतो. १ मिलिची काचेची घ्या. सगळे द्रव ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून घ्या. चिप बनवताना मूळ द्रव्य आणि घट्ट करणारं द्रव्य वजनाने १०:१ ठेवा. प्रमाण चुकलं तर चिप चिकट राहते आणि काचेला नीट बसत नाही. प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) देऊन पाणी-स्नेही केलेला पृष्ठभाग काही तासांत परत पाणी-द्वेषी होऊ लागतो, म्हणून चिकटवल्यावर लगेच नलिका पाण्याने भरून ठेवा.

प्रश्न : संत्र्याच्या सालीचं तेल आणि पाणी अशाच चिपमध्ये वेगळं करता येईल का?
(लघुउद्योजक, हिंगणा)

पीडीएमएसमध्ये नाही. तेलात मुख्यतः लिमोनिन असतं, आणि असे हायड्रोकार्बन द्रव पीडीएमएस फुगवतात. नलिका अरुंद होते, जोड सुटतात. काचेची चिप किंवा टेफ्लॉनची नळी घ्या. दोन द्रव नळीतून येऊ द्या आणि शेवटी टेफ्लॉनच्या सच्छिद्र पडद्यातून तेल पलीकडे जाऊ द्या. पाणी पडद्याला ओलं करत नाही, म्हणून अडतं. एमआयटीत क्लाव्ह्स जेन्सन यांच्या गटाने २००७ मध्ये अशी योजना दाखवली.

पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक नेमका हवा. टोल्यूइन-पाण्याचा आंतरपृष्ठताण (दोन द्रवांच्या सीमेवरचा ताण) मीटरला ३६ मिलिन्यूटन असतो, छिद्राची त्रिज्या अर्धा मायक्रोमीटर असेल तर पाणी घुसायला जास्तीत जास्त १४४ किलोपास्कल लागतात, प्रत्यक्षात त्याहून कमी. सालीतलं पेक्टिन तेलाला दुधाळ करून ठेवतं आणि हा ताण खाली आणतं. तो ५ वर आला तर मर्यादा २० किलोपास्कलवर येते आणि पाणीही पडद्यातून गळू लागतं. म्हणून साल पिळलेलं पाणी आधी गाळून, शांत ठेवून मगच वापरा.

आणि प्रमाण विचारात घ्या. मिनिटाला ५ मिलि चालवलं तरी दिवसाला ७.२ लिटर होतात. नमुना तपासायला हे उत्तम, कारखान्यासाठी अपकेंद्री यंत्रच घ्या.

प्रश्न : सकाळी चालणारा प्रयोग दुपारी बुडबुड्यांनी बंद पडतो.
(संशोधन सहाय्यक, बुटीबोरी)

द्रव फ्रिजमधून थेट सिरिंजमध्ये घेत असाल. ५ अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे १२.८ मिग्रॅ ऑक्सिजन मावतो, ४० अंशांना ६.४. उरलेला नलिकेत बाहेर येतो. द्रव खोलीच्या तापमानाला दोन तास उघडा ठेवा, मग निर्वात पंपाखाली वीस मिनिटं, मग भरा.

बुडबुडे गेले तरी सकाळ-दुपारचे आकडे एकमेकांशी लावू नका. ३० वरून ४० अंशांना गेल्यावर पाण्याची श्यानता (दाटपणा) ०.८० वरून ०.६५ मिलिपास्कल-सेकंदावर येते आणि विसरण सव्वापट वाढतं. चिपखाली पाण्याचा पातळ डबा ठेवून तापमान एकच ठेवा आणि प्रत्येक नोंदीसमोर ते लिहा.